टिटवीचे अकरा दिवे

'टिटवी'ला दिवे कोणते लावायचे, यावर मेस्त्री नवरा-बायकोचं तीन आठवडे एकमत होत नव्हतं.

बत्तीस फुटांची ती शिडाची यॉट देवगडच्या खाडीकाठी लाकडी ठोकळ्यांवर उभी होती. आठ वर्षांनी तिच्यावरची ताडपत्री निघाली होती. नवा रंग झाला, नवी शिडं आली आणि आता दिव्यांपाशी घोडं अडलं होतं. दुकानदाराने पाठवलेली यादी गुरुनाथ मोठ्याने वाचून दाखवत होता. पाण्याखाली लावायचे निळे दिवे, डेकच्या कडेने रंग बदलणाऱ्या पट्ट्या, बटण दाबलं की चांदणं पसरवणारा छताचा दिवा.

"हे सगळं वरातीला," हर्षदा म्हणाली. "मला दोर दिसला पाहिजे. आणि वारा सांगणारा शिडावरचा धागा दिसला पाहिजे. एवढंच."

"पण त्यासाठी दिवा कुठला लावू, ते तर सांग!"

"ते मला कळत असतं, तर लाइटवाल्याशी लग्न कशाला केलं असतं?"

गुरुनाथ मूळचा कुडाळचा. पंचवीस वर्षं तो नाटकांची प्रकाशयोजना करत गावोगाव हिंडला होता. हर्षदा मालवणच्या खोबरेकरांची. देवगड ते वेंगुर्ला ही दोघादोघांनी करायची शिडाची शर्यत तिने तीन वेळा जिंकली होती. पस्तिशीत तिला रात्रीचं दिसेनासं झालं. मग कडेचं दिसेना. त्रेचाळिसाव्या वर्षी मधोमध उरलेली लहानशी खिडकीही मिटली. गुरुनाथने दौरे सोडले आणि तो घरी बसला. पुढची आठ वर्षं तोच तिचे डोळे होता. चहावर साय आली इथपासून आभाळात ढग कुठे साठलेत इथपर्यंत सगळं तो तिला सांगायचा, आणि सांगायचाही मोठा रंगवून.

मग २०४६च्या उन्हाळ्यात रत्नागिरीच्या डॉ. नाझनीन सोलकर यांनी तिच्या डोळ्यांत ती दोन इंजेक्शनं दिली.

डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून नीट समजावलं होतं. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर प्रकाश पकडणाऱ्या पेशी असतात. हर्षदाच्या त्या पेशी मेल्या होत्या. पण त्यांच्याकडून निरोप घेऊन तो मेंदूला पोचवणाऱ्या पेशी अजून शाबूत होत्या. "पोस्टमन धडधाकट आहे, पण पत्रं लिहिणारं कोणी उरलेलं नाही," असं डॉक्टर म्हणाल्या होत्या. गोड्या पाण्यात एक एकपेशीय शेवाळ असतं. त्याला डोळा नाही, तरी ते उजेडाच्या रोखाने पोहतं, कारण त्याच्या अंगात उजेड पडताच उघडणारं एक प्रथिनाचं दार असतं. त्या दाराचा जनुक निरुपद्रवी विषाणूत भरून तो या पोस्टमन पेशींपर्यंत पोचवायचा. पेशी मग स्वतःच ते दार घडवतात आणि स्वतःच उजेड ओळखू लागतात.

फक्त त्या दाराचे नखरे होते. ते एकाच रंगाला उघडायचं. पूर्वी रस्त्यांवर सोडियमचे दिवे असत, त्यांच्या नारिंगी पिवळ्या रंगाला. उजेड कमी पडला तर उघडायचं नाही, जास्त झाला तर मिटायचं नाही. म्हणून रुग्णांना एक जाड चष्मा देत. त्यातला कॅमेरा समोरचं दृश्य टिपायचा आणि ते बेताच्या पिवळ्या उजेडात डोळ्यात सोडायचा. चष्म्यातून दारं, खुर्च्या, माणसांचे आकार कळत. चेहरे कळत नसत. तरी सात महिन्यांत हर्षदा घरभर काठीशिवाय वावरू लागली आणि आठव्या महिन्यात म्हणाली, "टिटवी बाहेर काढ."

दिव्यांचा वाद तसाच ठेवून त्यांनी टिटवी पाण्यात उतरवली, पण समुद्रावर चष्म्याने मान टाकली. खाऱ्या पाण्याचा एक तुषार काचेवर आला की तिचं जग संपायचं. पुसायला हात काढला की सुकाणू सुटायचं. तिसऱ्या फेरीला तिने चष्मा काढून खिशात घातला आणि टिटवी माघारी वळवली.

त्या संध्याकाळी गुरुनाथ अंगणातल्या बाकावर तो चष्मा हातात फिरवत बसला होता. याचं काम काय? जग त्या एका रंगात उजळून दाखवायचं. मग ते काम डोळ्यांवरच बसून कशाला करायला हवं? नाटकात नटाच्या डोळ्यांवर कोणी दिवा बांधत नाही. दिवा रंगमंचावर पडतो. तो उठून घरात गेला.

"हर्षदा, चष्मा नकोच. आपण होडीच उजळू त्या रंगात. बाकीचं तुझे डोळे बघतील."

ती त्याच्याकडे वळली. "किती दिवे लागतील?"

"लागतील तेवढे."

त्याने चाळीस लावले. डेकवर, डोलकाठीवर, प्रत्येक कप्पीपाशी एक. पहिल्या दिवशी अंधार पडल्यावर हर्षदा सुकाणूपाशी बसली आणि त्याने एकदम सगळे पेटवले.

"काय दिसतं?" त्याने उत्सुकतेने विचारलं.

"पिवळा चिखल," ती म्हणाली.

गुरुनाथ कपाळावर हात मारून हसला. हौशी मंडळ्यांना आयुष्यभर तो हेच सांगत आला होता, की रंगमंच सगळा उजळलात तर प्रेक्षकाने बघायचं कुठे? तो दिवे उतरवत गेला. पंचवीस झाले, अठरा झाले. अखेर अकरा उरले. तीन दोरांच्या गाठींवर, दोन मोठ्या शिडाला बांधलेल्या लोकरीच्या धाग्यांवर, एक होकायंत्रावर आणि बाकीचे कप्प्यांवर. ते धागे वाऱ्याने कसे फडफडतात त्यावरून शीड नीट भरलंय की नाही ते कळतं. सगळ्या दिव्यांची बटणं एका पेटीत बसवून ती त्याने आपल्या जागेपाशी ठेवली. हर्षदा ज्या दोराकडे हात नेईल, त्यावरचा दिवा तो लावायचा, आधीचा मालवायचा. जानेवारीत खाडीच्या काळ्या पाण्यावर त्या दोघांनी सलग पाच रात्री टिटवी फिरवली. सहाव्या दिवशी हर्षदाने शर्यतीचा अर्ज भरला.

शर्यत-समितीचे प्रमुख कमांडर इनामदार नौदलातून निवृत्त झालेले. त्यांनी अर्ज फेटाळला नाही, पण एक अट घातली.

"हर्षदाताई, तुमच्याबद्दल मला आदर आहे. पण शर्यत मावळतीला वेंगुर्ल्याच्या खडकांपाशी पोचते. त्याच वेळी मला तुमची होडी बघायची आहे. समुद्रावर काय आहे ते तुमच्या जोडीदाराने तोंडाने सांगावं. चाचणीत त्याने दोरांना हात लावायचा नाही. तीन वळणं, एकदा शीड कमी करणं, आणि जेट्टीला लावणं. जमलं तर या."

चाचणीची पहिली दोन वळणं तिने वाऱ्याच्या स्पर्शावर सुरेख घेतली. मग सूर्य पाण्याला टेकला आणि हर्षदाने सुकाणूवरचा हात घट्ट केला.

"गुरुनाथ, दिवे लाव."

"लागलेत."

"नाहीत! सगळीकडे नुसतं पिवळंच आहे!"

मावळतीच्या आभाळाचा रंग आणि तिच्या डोळ्यांचा रंग एकच होता. अर्धं क्षितिज तिच्या डोळ्यांत ओतलं जात होतं, त्यात अकरा दिव्यांची काय कथा! तिने अंदाजाने दोर सोडला, तो चुकीचा निघाला. मोठं शीड धाडकन खाली येऊन निम्मं पाण्यात गेलं. टिटवी तिरकी सरकत जेट्टीवर आदळली आणि तिच्या नव्या रंगावर हातभर ओरखडा उठला. कमांडर जेट्टीवरून होडीत उतरले. ओलं शीड वर ओढायला त्यांनी हात लावला.

ते गेल्यावर गुरुनाथ म्हणाला, "जाऊ दे गं. इथवर आलो हेच पुष्कळ. दुपारचे हिला फिरायला नेत जाऊ आपण. मी सांगेन, तू चालव."

हर्षदा शिडाची घडी घालत होती. तिचे हात थांबले.

"खरं सांग. शीड पाण्यात पडलं तेव्हा तुला बरं वाटलं?"

खोटं बोलून उपयोग नव्हता. त्याचा आवाज तिला त्याच्यापेक्षा जास्त ओळखीचा होता.

"थोडंसं," तो म्हणाला. "माझे दौरे गेले, नाटकं गेली. तुला सांगणं हेच माझं काम होऊन बसलंय. उद्या तुला सगळं दिसायला लागलं, तर मी काय करायचं?"

"आणि मी आठ वर्षं काय केलं? ऐकलं! तू सांगशील तेवढंच जग. तू छान सांगतोस रे, त्याबद्दल तक्रार नाही. पण या होडीवरसुद्धा बटणं तू आपल्यापाशी ठेवलीस. मी काय बघायचं आणि कधी, ते तूच ठरवतोस. माझे डोळे तुझ्या बोटांखाली नकोत मला, गुरुनाथ."

घरी जाताना तिने नेहमीसारखा त्याचा दंड धरला.

सकाळी उठल्याबरोबर त्याने डॉ. सोलकरांना फोन लावला. मावळतीचं गाऱ्हाणं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मेस्त्री, तुम्ही दिवे स्थिर लावलेत का?"

"म्हणजे?"

"एकसारखा उजेड पडत राहिला की या पेशी त्याला सरावतात आणि गप्प बसतात. बदल झाला की बोलतात. म्हणून आमच्या चष्म्यातला उजेड स्थिर नसतो, तो सेकंदाला कितीतरी वेळा चालू-बंद होतो. काळोखात तुमचं निभावलं, कारण डोळा सतत हलत असतो आणि मागे दुसरा उजेड नसतो. संध्याकाळी ते कसं चालेल? पण एक लक्षात घ्या. मावळतं आभाळ स्थिर असतं. तुमचे दिवे लुकलुकले, तर ती आभाळाला विसरेल आणि दिव्यांना बघेल."

गुरुनाथने फोन ठेवला आणि पायात चपला न घालताच तो खाडीवर धावला.

पुढचे बारा दिवस त्याने जेवणाव्यतिरिक्त होडी सोडली नाही. सेकंदाला दहा वेळा लुकलुकणारा दिवा त्याला स्वतःलाच सहन होईना, डोकं भणभणलं. वीसला पोटात ढवळलं. तीसला त्याच्या नजरेला दिवा जवळजवळ स्थिर दिसू लागला, किंचित थरथरल्यासारखा. हर्षदाच्या पेशींना मात्र ती थरथर म्हणजे ढोल होता. नियमाप्रमाणे यॉटवर डावीकडे तांबडा, उजवीकडे हिरवा आणि मागे पांढरा एवढेच दिवे बाहेरून दिसावे लागतात. दुसरा लुकलुकता दिवा दिसला तर दुसऱ्या बोटीची फसगत होते. म्हणून त्याने पत्रा कापून प्रत्येक दिव्याला नाटकातल्या दिव्यांना असतात तशा झापडा केल्या. उजेड पडेल तो दोरावर, धाग्यावर. समुद्राकडे त्याचा थेंबही जाता कामा नये.

शेवटी त्याने बटणांची पेटी उखडली आणि सुकाणूच्या पायथ्याशी, हर्षदाच्या पायाच्या बोटांना सापडतील अशी, अकरा बटणं बसवली. कुठलं कुठे आहे ते तिने दहा मिनिटांत पाठ केलं.

तेराव्या दिवशी सूर्य टेकायच्या सुमाराला ती जागेवर बसली. आभाळ पेटलं होतं. ती वाट बघत राहिली. एक मिनिट झालं, दोन झाली. तिच्या डोळ्यांतला तो पिवळा पूर हळूहळू ओसरला, आणि त्या राखाडी पोकळीत पहिला दोर उमटला. पीळ न् पीळ दिसणारा. मग दुसरा. मग वर, शिडावर, लोकरीचा एक धागा.

"फडफडतोय," ती पुटपुटली. "खालचा फडफडतोय, वरचा सरळ आहे. गुरुनाथ, मला धागा दिसतोय!"

तो होकायंत्राची झापड वाकवत होता. तिने पायाने बटण दाबलं, आणि त्याचा चेहरा उजेडात आला. चष्म्यात दिसायचे तसे ठिपके नव्हेत. चेहरा.

"थांब. हलू नकोस."

तो ओणवाच राहिला. ती बघत होती. आठ वर्षांत कोणी त्याच्याकडे असं बघितलं नव्हतं.

"तुझे केस कुठे गेले?"

"सांगायचं राहून गेलं."

"आठ वर्षं?"

"अगं, रोज थोडे थोडे गेले. नेमकं कुठल्या दिवशी सांगणार?"

ती इतकी हसली की काठावरून जाणारे मच्छीमार थबकून बघू लागले. हसता हसता तिने बाहीने डोळे पुसले, आणि पुन्हा त्याच्याकडे बघायला लागली.

हर्षदाने मागून घेतलेल्या दुसऱ्या चाचणीत कमांडर इनामदारांनी तीनऐवजी पाच वळणं मागितली. टिटवी जेट्टीला लागली तेव्हा मधल्या फटीत अंड्याचं टरफलही फुटलं नसतं. "या," एवढंच ते म्हणाले आणि त्यांनी अर्जावर सही केली.

शर्यतीला सतरा होड्या होत्या. फेब्रुवारीतल्या शनिवारी दुपारी दोनला भोंगा वाजला आणि खाऱ्या वाऱ्यावर शिडं भरली. सगळ्यांत पुढे 'जलसई' होती. तिच्या सुकाणूवर प्राजक्ता देसाई. एकेकाळी हर्षदाची जोडीदार, आता सलग पाच वर्षांची विजेती. निघण्याआधी तिने हर्षदाला मिठी मारली होती आणि कानात म्हणाली होती, "दया करणार नाही हं."

"करून बघ," हर्षदा म्हणाली होती.

दिवसा उन्हात हर्षदाचे डोळे निकामी होते. ती गडद पट्टी बांधून वाऱ्याच्या स्पर्शावर आणि गुरुनाथच्या तोंडावर चालवत होती. गुरुनाथचे हात नाटकाचे पडदे ओढून तयार झालेले, दोर त्यांना नवे नव्हते. पोटाला मात्र समुद्र नवा होता. मालवण मागे पडेपर्यंत तो चार वेळा कठड्यावरून वाकला, आणि प्रत्येक वेळी तोंड पुसून "पुढे डावीकडे दोन होड्या" असं सांगत राहिला. टिटवी तेव्हा सहावी होती.

वेंगुर्ल्याचे खडक दिसू लागले तेव्हा सूर्य पाण्यात उतरत होता. खडकांना बाहेरून वळसा घालून किनाऱ्याकडे शिरायचं होतं. हर्षदाने पट्टी सोडली, डोळे उघडून त्या पेटलेल्या आभाळाकडे सरळ बघितलं आणि पायाने पहिलं बटण दाबलं. दोन मिनिटं ती तशीच बघत राहिली. गुरुनाथ खडकांचं अंतर मोजत होता.

"आले," ती म्हणाली. "सगळे दोर आले. आता समुद्र तू बघ. होडी माझी."

त्याने पुढच्या टोकाशी जाऊन पाय रोवले. खडक डावीकडे काळे होत चालले होते, भोवती पांढरा फेस. त्याच वेळी समोर पाण्यावर काहीतरी डुचमळताना त्याला दिसलं. थर्मोकोलचा तुकडा, मग आणखी एक, आणि मधे काठीला बांधलेलं फडकं. कोणीतरी जाळं लावून ठेवलं होतं. हे कुठल्याही नकाशात नव्हतं. सुकाणूत अडकलं असतं तर टिटवी थेट खडकांवर गेली असती.

"जाळं! समोर! उजवीकडे घे, उजवीकडे!"

तो 'उजवीकडे' पुरं म्हणायच्या आत होडी वळली. तिचा पाय एका बटणावरून दुसऱ्यावर गेला, दोर सुटला, दुसरा आवळला गेला, आणि थर्मोकोलचे तुकडे हाताच्या अंतरावरून मागे गेले. गुरुनाथने मागे बघितलं. झापडांखालच्या उजेडात तिचे हात चालत होते, न चाचपडता, एकदाही न चुकता. तो कितीतरी प्रयोगांना दिव्यांमागे उभा राहिला होता, पण असा प्रवेश त्याने पाहिला नव्हता.

खडकांना वळसा घातला आणि वारा पडू लागला. दिवसाचा खारा वारा संपत आला होता, जमिनीवरून येणारा मतलई अजून सुटला नव्हता. अशा मेलेल्या वेळी वाऱ्याची झुळूक कधी येते नि कुठून येते ते फक्त शिडावरचे धागे सांगतात. पुढच्या पाच होड्यांवर विजेऱ्या चमकू लागल्या. प्रत्येक जण शिडावर उजेड मारून धागा बघत होता, आणि त्या झगमगाटाने दिपलेल्या डोळ्यांनी मग समोरचं पाणी शोधत होता. टिटवीवर विजेरी नव्हती. हर्षदाला धागा सोडून दुसरं काही दिसतच नव्हतं, आणि गुरुनाथच्या डोळ्यांत समुद्राकडच्या अंधाराशिवाय काही नव्हतं.

"पुढे पाणी कसं आहे?"

"उजवीकडे सुरकुत्या दिसतायत. शंभर हात."

"म्हणजे झुळूक आहे. घेते." धागा हलला. तिने दोर बोटभर सैल केला. धागा सरळ झाला. टिटवी आवाज न करता सरकली.

सहावी असलेली टिटवी चौथी झाली. मग दुसरी. किनाऱ्याचे दिवे दिसू लागले तेव्हा 'जलसई' पन्नास हातांवर होती, आणि तिचं शीड लुळं पडलं होतं.

"हर्षदाताई?" अंधारातून प्राजक्ताचा आवाज आला. "तुम्ही आहात? वारा कुठून आणलात?"

"शिल्लक होता, तोच वापरतेय," हर्षदा ओरडली, आणि टिटवी तिला ओलांडून गेली.

पावणेनऊला वेंगुर्ल्याच्या जेट्टीवरून भोंगा वाजला. पहिला भोंगा. गुरुनाथने दोन्ही हातांनी कठडा बडवला. मग जेट्टीवरच्या गर्दीचा आवाज पाण्यावरून आला आणि हर्षदाने दोन्ही हात वर केले.

समितीची मोटारबोट ओढून न्यायला आली होती. तिने ती परत पाठवली आणि टिटवी स्वतः जेट्टीला लावली. गुरुनाथ दोर घेऊन उतरला, त्याने तो खुंटाला बांधला आणि तिला हात द्यायला वळला. हर्षदा जागेवरून उठली नव्हती. जेट्टीवर पांढऱ्या दिव्यांचा लख्ख, स्थिर उजेड पसरला होता. तिथे तिला नुसता प्रकाश दिसणार होता, माणसं नाहीत.

"कमांडरना सांग," ती म्हणाली, "बक्षीस इथे द्या. मला ते देणारे हात बघायचेत."

गुरुनाथने निरोप सांगितला. मग कमांडर इनामदारांनी व्यासपीठावरचा चषक उचलला, बूट काढले आणि सांभाळून होडीत पाऊल टाकलं. हर्षदाने पायाने बटण दाबलं. पांढऱ्या मिशा, थकलेले डोळे, आणि चषक धरलेले दोन हात उजेडात आले.

"तुमच्या मिशा माझ्या कल्पनेपेक्षा मोठ्या आहेत," ती म्हणाली.

"आणि तुमची होडी माझ्या कल्पनेपेक्षा वेगवान," ते म्हणाले, आणि त्यांनी तिला कडक सलाम ठोकला.

त्यांच्या मागून प्राजक्ता आली, भिजलेली, हरलेली, हसत आणि रडत. "दाखवा बघू काय आहे यात," असं म्हणत तिने दिव्याखाली वाकून बघितलं आणि गुरुनाथला विचारलं, "मला लावून द्याल असे?"

"तुमच्या डोळ्यांना हे नुसते दिवे आहेत," गुरुनाथ म्हणाला.

"प्राजक्ता, तोंड इकडे कर," हर्षदा म्हणाली. "किती वर्षांनी बघतेय तुला. बारीक झालीस."

मग जेट्टीवर रांग लागली. दुसऱ्या होड्यांवरची माणसं, समितीची माणसं, हार घेऊन आलेल्या गावातल्या बायका, एकेक करून होडीत उतरत होती, उजेडात चेहरा धरत होती, आपलं नाव सांगत होती. टिटवी वजनाने चार बोटं खाली बसली होती. गुरुनाथ जेट्टीवर दोर धरून उभा होता. कोण आलं, कसं दिसतं, कपडे कुठल्या रंगाचे, यातलं काही तो सांगत नव्हता. होडीतून हर्षदाचा आवाज येत होता, ती प्रत्येकाला तो कसा दिसतो ते सांगत होती, आणि बारकाईने, रंगवून सांगत होती.